पांबनला आम्ही उतरलो नाही

मद्रास मेल कल्याणला यायला अजून अवकाश होता. वळकटी, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा प्लॅटफॉर्मवर मांडून आम्ही उभे होतो. पोहोचवायला ठाण्याहून सासूबाई, माझे थोरले दीर दादा आणि जाऊबाई आल्या होत्या. सासूबाईंनी भर प्लॅटफॉर्मवर माझी ओटी भरली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सांभाळून जा हो. सगळं नीट होऊ दे." लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण त्यांचा इतका मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला नवल वाटलं. बरंही वाटलं. आम्ही दोघं सिलोनला चाललो होतो, कसल्याही कामाशिवाय, आणि त्या बेतावरून ठाण्याच्या घरात महिनाभर भांडी आदळत होती. मी समजले, अखेर त्यांनी मनाची समजूत घातली.

ती समजूत काय होती, ते मला पांबनच्या स्टेशनात कळलं.

प्रवासवर्णनात बायकांनी नवऱ्याला 'हे' म्हणायची रीत आहे. 'हे' म्हणाले, 'ह्यांनी' छत्री उघडली. मी तसं लिहिणार नाही. माझ्या नवऱ्याचं नाव वसंतराव. ते कल्याणला रेल्वेच्या कचेरीत कारकून आहेत आणि मी तिथल्याच मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. डोंबिवलीत एका चाळीत आमच्या दोन खोल्या आहेत. आम्हाला मूल नाही. ठाण्याच्या घराला आमच्याबद्दल या शेवटच्या गोष्टीखेरीज काही दिसतच नसे.

त्या घराने माझ्यावर करायचे ते सगळे उपाय केले होते. टिटवाळ्याच्या गणपतीला मी कितीतरी चतुर्थ्या अनवाणी गेले. बाळकुमच्या एका म्हातारीच्या हातचा कडू पाला महिनोन्महिने प्याले. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात मला काही दोष दिसत नाही. आता यजमानांना तपासून घ्या." तेव्हा दादा म्हणाले, "आमच्या घराण्यात असलं काही नाही." आणि तो विषय तिथेच मिटला. वसंतराव गेले नाहीत. मीही बोलले नाही.

मग निघाला रामेश्वरचा विधी. मागच्या जन्मी नागाची हत्या घडली की वंश खुंटतो, म्हणून रामेश्वरला जाऊन नागाची प्रतिष्ठा करायची. मी नाही म्हटलं. देवाला नमस्कार करायला माझी हरकत नव्हती. पण तो विधी करायचा म्हणजे मी कधी न पाहिलेल्या जन्मात मी न केलेला गुन्हा चारचौघांत कबूल करायचा. मी तो कबूल करणार नव्हते. हे मी सासूबाईंसमोर उभं राहून सांगितलं, आणि त्या दिवसापासून ठाण्याला माझ्या पानात आमटी वाढताना वाटी जरा जोरात टेकवली जाऊ लागली.

सिलोनचा बेत निघाला तो पासावरून. वसंतरावांना रेल्वेचा पास मिळे, आणि दरवर्षी त्या पासावर आम्ही कुणाच्या तरी मुंजीला नाहीतर बारशाला जात असू. एका रविवारी मी शाळेतला जुना, फाटका नकाशा डिंकाने चिकटवायला घरी आणला होता. जमिनीवर पसरून चिंध्या लावत होते. वसंतराव शेजारी विडी ओढत बसले होते.

"हा पास कुठवर चालतो हो?" मी विचारलं.

"रूळ आहेत तिथवर."

"आणि रूळ कुठे संपतात?"

त्यांनी बोट नकाशावरून खाली खाली नेलं. "धनुष्कोडी. पुढे पाणी."

"पाण्यापुढे?"

ते हसले. "पाण्यापुढे तुझं सिलोन. ज्याच्यावरून तू पोरींना छड्या मारतेस ते."

छड्या मी मारत नसे, पण सिलोनचा चहा, सिलोनचं रबर, सिलोनची दालचिनी मुलींकडून वर्षानुवर्षं घोकून घेत होते, आणि स्वतः नाशिकपलीकडे गेले नव्हते. मी म्हटलं, "जाऊ या." त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. आठवडाभर रोज संध्याकाळी तेच म्हणत राहिले, तेव्हा त्यांनी कागद घेतला.

रेल्वेच्या माणसाच्या सवयीने त्यांनी पहाटेपासून रात्रीपर्यंतचं वेळापत्रक केलं. कोलंबोत सकाळी हे, दुपारी ते, कँडीत उतरल्याबरोबर देऊळ, बाग, बाजार. मी त्यातलं अर्धंअधिक खोडलं. चार गावं ठरवली: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया आणि गॉल. दिवसाला एकच गोष्ट बघायची. पाय दुखले की बसायचं. कुणाचा निरोप, कुणाची ओळख, कुणाचं दूरचं नातं काढून कुणाकडे उतरायचं नाही. "आणि नवस नाही," मी म्हटलं. वसंतरावांनी मान हलवली. तेव्हा मला ती होकाराची वाटली होती.

बेत फुटला तशी चाळ बोलायला लागली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, तिथे राक्षस होते ना?"

"होते. आता आम्ही जातोय."

दादा मात्र खरोखर चिडले. "लोक परदेशी शिकायला जातात, नोकरीला जातात. नुसतं बसायला कोण जातं?"

"आम्ही," मी म्हटलं.

शाळेतल्या एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, की घरात काही बिनसलंय का. नवराबायको भांडली तर बायको एकटी माहेरी जाते. दोघं मिळून कुठे जायचं कारण त्यांना सापडेना. मे महिन्याची सुट्टी लागली, देवीची लस टोचून झाली, परवानगीचे कागद आले आणि आम्ही निघालो.

मद्रासपर्यंतचा प्रवास घामाचा आणि धुळीचा. रायचूरच्या पुढे दशम्या आंबल्या, त्या आम्ही एका स्टेशनात गाईला घातल्या आणि केळीच्या पानावरचा दहीभात घेतला. मद्रासला गाडी बदलून छोट्या रुळांची गाडी धरली. ती रात्रभर डुलत डुलत दक्षिणेला गेली. सकाळी खिडकीबाहेर ताडाची झाडं, पांढरी वाळू आणि मिठागरं दिसू लागली. मिठागरं पाहून मला भाईंदरच्या बाजूची आठवण झाली. इतक्या लांब येऊनही माती ओळखीची निघाली याचं हसू आलं.

मंडपमला सिलोनच्या उतारूंची डॉक्टरी तपासणी झाली. लस टोचल्याची खूण पाहिली, जीभ पाहिली, कागदावर शिक्का बसला. मग गाडी समुद्रावरच्या पुलावर चढली. दोन्ही बाजूंना हिरवं पाणी, खाली खडकांवर फुटणारा फेस आणि मध्ये आपला डबा, एखाद्या म्हाताऱ्यासारखा जपून जपून चाललेला. वसंतराव दारात उभे राहून पुलाचे सांधे बघत होते. मी त्यांना हाक मारली तरी ते वळले नाहीत. मला वाटलं, पुलात गुंगले आहेत.

पूल संपला आणि पांबन आलं. इथून रूळ दोन दिशांना फुटतात: एक रामेश्वरला, एक धनुष्कोडीला. निम्मी गाडी रिकामी झाली. प्लॅटफॉर्मवर पितळी घागरी, बोचकी, पंड्यांच्या आरोळ्या. आणि त्या गलक्यात मला चक्क मराठी ऐकू आलं.

"ठाण्याचे वसंतराव कोण? ठाण्याचे वसंतराव!"

एक उंच, उघडाबंब गृहस्थ, कपाळाला भस्म, प्रत्येक खिडकीत वाकून पाहत येत होते. रामेश्वरच्या पुजाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेली मराठी घराणी आहेत. त्यांच्या बोलण्याला तिकडचा हेल होता. आमच्या खिडकीशी येऊन त्यांनी हात जोडले.

"तुमच्या बंधूंनी कळवलं होतं. उतरा. सगळं तयार ठेवलं आहे. आज तुम्ही विसावा घ्या, उद्या सकाळी अग्नितीर्थावर स्नान, मग नागप्रतिष्ठा. बाई उपाशी आहेत ना?"

मी वसंतरावांकडे पाहिलं. ते ट्रंकेच्या कडीकडे पाहत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आई फार मागे लागली होती," ते हळूच म्हणाले. "मी हो म्हटलं नाही."

"नाही म्हटलंत?"

त्यांनी कडीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "एक दिवसाचा प्रश्न आहे गं. करून टाकू. तिच्या मनाचं समाधान. मग पुढे सगळं सिलोन आपलंच."

कल्याणच्या प्लॅटफॉर्मवरचा तो मऊ हात मला तेव्हा उमगला. मला रडू आलं नाही. राग आला. डब्यातली माणसं पाहत होती. त्यांना भाषा कळत नव्हती, पण गोष्ट कळत होती. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही गेला नाहीत. मी कधी शब्द काढला नाही. आज काढते. तुम्ही स्वतःला तपासून घ्यायला तयार नाही, आणि मी मात्र नाग मारला म्हणून समुद्रात डोकं बुडवायचं? मी उतरणार नाही. तुम्हाला उतरायचं असेल तर उतरा. माझं बोटीचं तिकीट माझ्याजवळ द्या."

"तू एकटी जाशील?"

"हो. मला नकाशा पाठ आहे."

पुजारीबोवांना घाई होती. त्यांनी बाहेरून हात घालून वळकटी ओढली. वसंतराव उठले, वळकटीच्या पाठोपाठ दारापर्यंत गेले आणि खाली उतरले. मी पदर घट्ट गुंडाळून समोरच्या लाकडी फळीकडे बघत बसले. खिडकीतून त्यांचं बोलणं तुटक तुटक कानावर येत होतं. इंजिनाने पाणी घेतलं. शिटी झाली. मी वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर त्यांना माझा चेहरा दिसला असता, आणि त्यांनी माझा चेहरा पाहून काही ठरवावं असं मला नको होतं.

गाडी हलली. दारात धप्पकन काहीतरी आदळलं. वळकटी होती. तिच्यामागून वसंतराव, धापा टाकत, एक वहाण पायात आणि एक हातात.

"काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं, चूक झाली. आम्ही ते नव्हे."

मला ते पुरेसं वाटलं नाही. 'आम्ही ते नव्हे' हे खोटं होतं, आणि खोटं बोलून सुटका करून घेणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. धनुष्कोडीपर्यंत मी बोलले नाही.

धनुष्कोडी म्हणजे वाळू, वाळू आणि वाऱ्यात उभी असलेली थोडी घरं. गाडी थेट धक्क्यापर्यंत जाते आणि समोर बोट उभी असते. बोटीवर चढलो तेव्हा वारा असा होता की वसंतरावांची काळी टोपी उडाली, कठड्यावर एकदा आपटली आणि पाण्यात गेली. खलाशी हसले. एरवी मीही हसले असते. अर्ध्या वाटेवर मला समुद्र लागला. मी कठड्याला धरून ओकत होते आणि वसंतराव एका हाताने माझं कपाळ धरून, दुसऱ्या हाताने तांब्या तोलत उभे होते. बोट हेलकावली की दोघं मिळून हेलकावत होतो.

"मला नाही म्हणता येत नाही," ते म्हणाले. "लहानपणापासून नाही येत. वडील गेले तेव्हापासून घरात दादा बोलायचा आणि मी ऐकायचो."

"मग आता शिका," मी म्हटलं आणि पुन्हा कठड्यावर वाकले.

तलैमन्नारला सिलोनचा किनारा आधी ताडाच्या शेंड्यांनी दिसतो, मग पांढऱ्या पट्ट्याने. उतरल्यावर दोन रांगा. एका रांगेत चहाच्या मळ्यांतले तमिळ मजूर बायकापोरांसह उकिडवे बसले होते. त्यांचा प्रत्येक कागद उलटा सुलटा करून पाहिला जात होता, आणि बोलणं कठोर होतं. दुसऱ्या रांगेत आमच्यासारखे. टेबलामागचा तरुण अधिकारी इंग्रजीतून विचारत होता.

"इथे नातेवाईक?"

"नाहीत."

"व्यापार?"

"नाही."

"यात्रा?"

वसंतराव माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नाही. यात्रा नाही."

"मग कशासाठी आलात?"

"आरामासाठी. मी आणि माझी पत्नी."

अधिकाऱ्याने मान वर करून आम्हाला पाहिलं. बोडक्या डोक्याचे, धुळीने माखलेले वसंतराव आणि ओकून ओकून पांढरी पडलेली मी. तो मोठ्याने हसला आणि त्याने शिक्का मारला. तो शिक्का बसताना माझा निम्मा राग उतरला. उरलेला मी कोलंबोपर्यंत ठेवला.

कोलंबोत आम्ही समुद्राजवळच्या एका साध्या खाणावळीत खोली घेतली. वेळापत्रकाप्रमाणे पहिल्या दिवशी संग्रहालय होतं. ते आम्ही पाहिलं नाही. संध्याकाळी समुद्रकाठच्या मोठ्या हिरवळीवर बसलो. तिथे नवराबायको, म्हातारेकोतारे, बुरखा घेतलेल्या बाया, गोरे साहेब, सगळेच नुसते बसायला आले होते. "बघा," मी म्हटलं, "दादांना सांगा, नुसतं बसायला गावच्या गाव येतं." खाणावळीत सकाळी इंदिआप्प मिळाले (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया). आपल्या कोकणातल्या शिरवळ्याच त्या, पण नारळाच्या गोड रसाऐवजी पोल संबोलाशी खायच्या (ओलं खोबरं, लाल मिरची आणि लिंबू यांची ठेचलेली चटणी). वसंतरावांनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. तरी आणखी मागितला.

कँडीला जाणारी गाडी डोंगरातून वळसे घेत चढते. बोरघाट पाहिलेल्या माणसाला घाटाचं अप्रूप नसावं, पण इथे दरी काठोकाठ हिरवी, आणि भाताची खाचरं पायऱ्यांसारखी डोंगरावर चढलेली. गावाच्या मध्ये तळं. ठाण्याचं तळं मी रोजचं समजून कधी नीट पाहिलं नव्हतं. या तळ्याकाठी आम्ही दुपारभर बाकावर बसून होतो.

आम्ही उतरलो होतो ते घर पोडी मेनिके नावाच्या एका विधवा बाईंचं. त्यांना थोडं इंग्रजी येई. मला त्या 'नोना' म्हणत (बाईसाहेब). आकडे शिकवताना आम्हा दोघींना मोठी गंमत वाटली. त्या म्हणाल्या 'हत', मी म्हटलं 'सात'. त्या म्हणाल्या 'अट', मी म्हटलं 'आठ'. दोघी टाळ्या देऊन हसलो. आणि मग, जसं व्हायचंच होतं तसं, त्यांनी विचारलं, "नोना, मुलं किती?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. घरी मी याला खूप उत्तरं देत आले होते. 'अजून नाही.' 'बघू.' 'देवाची इच्छा.' त्या परक्या स्वयंपाकघरात मी म्हटलं, "नाहीत."

"बिचारी. उद्या बुद्धाच्या दंतधातूच्या देवळात चल. फुलं वाहा. तिथे बायका मूल मागतात."

"फुलं वाहीन," मी म्हटलं, "पण मागणार काही नाही."

मला वाटलं, त्या रागावतील. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "तेही बरोबर. आमच्यात फुलं मागायला वाहत नाहीतच. ती संध्याकाळी सुकतात, ते बघायला वाहतात. मागायचं बायकांनी नंतर लावून घेतलं." दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. ढोल वाजत होते, कमळांचा वास कोंदला होता. मी फुलं ठेवली, नमस्कार केला आणि बाहेर आले. चौदा वर्षांत मी पहिल्यांदा एखाद्या देवळातून काही न मागता बाहेर पडले होते. पायरीवर वसंतराव उभे होते. त्यांनी माझ्या वहाणा पुढे सरकवल्या.

नुवारा एलियाला थंडी अशी, की मे महिन्यात आम्ही वळकटीतलं सगळं अंगावर घेतलं. गावात आगगाडी जात नाही. खालच्या स्टेशनात उतरून मोटारीने वर जायचं. चहाचे मळे लांबून कापलेल्या मखमलीसारखे दिसतात. जवळ गेलं की त्यांत पाठीला टोपल्या बांधलेल्या बायका दिसतात, तलैमन्नारच्या रांगेत बसल्या होत्या त्यांच्याच जातीच्या. इतकी वर्षं मी मुलींना 'सिलोनचा चहा' शिकवला, तो खुडतो कोण हे एकदाही सांगितलं नव्हतं. परतल्यावर तो धडा मी बदलला, आणि मुख्याध्यापकांनी हे पुस्तकात नाही म्हटलं, तरी बदललेलाच ठेवला.

तिथल्या ओल्या गवतातून हौसेने फिरलो आणि खोलीवर येऊन पाहतो तो वसंतरावांच्या पोटऱ्यांना जळवा. रेल्वेत एवढी वर्षं काढलेला माणूस, पण खुर्चीवर चढून ओरडत होता, "मीठ! मीठ आण!" मी मीठ आणलं, एकेक जळू सोडवली. आम्ही इतके हसलो की शेजारच्या खोलीतल्या गोऱ्या बाईंनी भिंत ठोकली. मग आणखी हसलो.

गॉलला समुद्राला लागून जुना किल्ला आहे, आणि किल्ल्याच्या आतच गाव नांदतं. घरांच्या ओट्यांवर बायका लाकडी टिपऱ्या नाचवत झालर विणत होत्या. संध्याकाळी सगळं गाव तटावर येतं. आम्ही तटावर पाय सोडून बसलो होतो. खाली पोरं पाण्यात उड्या घेत होती. वसंतराव बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होते.

"डोंबिवलीला गेल्यावर मी डॉक्टरकडे जाईन," ते म्हणाले.

"माझ्यासाठी नको. पांबनला मी बोलले म्हणूनही नको."

"नाही. मला भीती वाटायची. दोष माझ्यात निघाला तर तू मला काय म्हणशील याची."

"आणि दोष माझ्यातच आहे असं धरून मी महिनोन्महिने पाला प्याले, त्याचं काय?"

त्यांनी नुसती मान खाली घातली. मला ते आवडलं. उत्तर देऊन त्यांनी ते हलकं केलं असतं, तर मी किल्ल्यावरून उठून एकटी खाली गेले असते.

परतीच्या वाटेवर सगळं उलट्या क्रमाने आलं: बोट, वाळू, पांबन, पूल, मद्रास. समुद्र शांत होता. कल्याणला उतरलो तेव्हा आकाश भरून आलं होतं आणि हमाल घामाने निथळत होते. रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी ठाण्याला नमस्काराला गेलो.

सगळे माजघरात बसले होते. जाऊबाईंनी पाण्याचे तांबे ठेवले. दादांनी विचारलं, "काय, विधी यथासांग झाला ना?" पुजाऱ्यांकडून त्यांना काही कळलं नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं. वाटेत गाडीत सगळं ठरवून ठेवलं होतं, शब्दन्‌शब्द. पण वसंतराव आधी बोलले.

"नाही. आम्ही पांबनला उतरलोच नाही."

"म्हणजे?" दादा उठून उभे राहिले. "भटजी आले नाहीत?"

"आले होते. मी त्यांना परत पाठवलं. तेव्हा मी त्यांना खोटं सांगितलं, पण तुम्हाला खरं सांगतो. हिने काही पाप केलेलं नाही, तेव्हा विधी कशाचा? आणि मी डॉक्टरकडे जाणार आहे."

दादा काहीबाही बोलत होते: घराण्याची अब्रू, बायकोच्या ओंजळीने पाणी पिणं. वसंतराव बसून राहिले. सासूबाई मात्र दादांसारख्या ओरडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "मग गेलास कशाला रे इतक्या लांब?"

"हिच्याबरोबर कुठेतरी जायचं होतं, आई."

सासूबाई उठून आत गेल्या. त्या दिवशी आम्हाला कुणी जेवायला थांबा म्हटलं नाही. त्यानंतर त्या घरातल्या मंगळागौरीला, बारशाला मला बोलावणं आलं नाही. मी ते मनाला लावून घेतलं नाही असं लिहिलं, तर ते खोटं होईल. पण पुन्हा तीच गाडी पांबनला उभी राहिली, तर मी तशीच बसून राहीन. वसंतराव डॉक्टरकडे गेले. तिथे काय निघालं, ते आमचं दोघांचं आहे. ठाण्याने विचारलं, चाळीने विचारलं, आणि वाचणाराही विचारील. मी सांगणार नाही.

पावसाळा सरता सरता एका दुपारी दार वाजलं. उघडून पाहते तो जाऊबाई. ठाण्याहून डोंबिवलीला एकट्या आल्या होत्या. घरी काय सांगून आल्या, मी विचारलं नाही. पाच मुलांची आई, पण आगगाडीत एकटी बसल्याचं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "सांग मला. पहिल्यापासून सांग."

मी सांगायला लागले. बोट, तळं, किल्ला. त्या ऐकत होत्या, पण मन दुसरीकडे होतं. मध्येच मला थांबवून त्यांनी विचारलं, "ते राहू दे. सकाळी उठल्यावर तू काय करायचीस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"व्हरांड्यात पाय पसरून बसायचे."

"आणि भावोजी?"

"तेही."

त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं. मग लुगड्याचा ओचा जरा सारखा केला, मांडी मोडली आणि दोन्ही पाय हळूहळू समोर लांब केले, पार उंबऱ्यापर्यंत. टाचांना भेगा होत्या, जोडव्यांनी बोटं काळवंडली होती.

"असे?"

"असेच."

"आता पुढचं सांग," त्या म्हणाल्या.

संध्याकाळची ठाण्याकडची गाडी शिटी देऊन गेली. आम्ही दोघींनी ती ऐकली. जाऊबाईंनी पाय आखडले नाहीत.